माशांसाठी काढलेला कोळसा

त्या घरात सकाळचा पहिला आवाज चहाच्या भांड्याचा नसे, चमच्याचा असे. ओट्यावर चार काचेचे पेले ओळीने मांडायचे, प्रत्येकात चमचाभर काळी पूड टाकायची, वर पाणी ओतायचं आणि खळखळ ढवळायचं. हे काम फिल्टरकाका दुसऱ्या कुणाला करू देत नसत. पूड इतकी हलकी की जरा जोरात श्वास सोडला तरी उडायची आणि बाहीवर, नाकाच्या शेंड्यावर जाऊन बसायची. ढवळून झालं की काका दारात उभे राहून हाक द्यायचे, "चला, आतली साफसफाई."

फिल्टरकाका हे नाव त्यांना गिऱ्हाइकांनी दिलेलं. घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवण्यात, जुने काढण्यात आणि गळके नळ घट्ट करण्यात त्यांचा जन्म गेला होता. माणूस कामाला चोख आणि बोलायला त्याहून चोख. फिल्टर बदलून झाला की जुनी कोळशाची नळी ते तशीच उचलून नेत नसत. मोरीत नेऊन, उभी चिरून, आतला चिकट काळपट गाळ घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवत. "हे बघा, हे सगळं तुमच्या पोटात जाणार होतं," असं म्हणत. बायामाणसं तोंडाला पदर लावत, मुलं नाक दाबत आणि काकांना आपण या घरावर मोठे उपकार केलेत असं वाटायचं.

हाच गाळ बघता बघता त्यांच्या डोक्यात एक किडा शिरला. जो कोळसा पाणी साफ करतो, तो माणसाला का नाही साफ करणार? त्यातच मोबाइलवर एक चकचकीत चेहऱ्याचा तरुण काळं पाणी पिऊन "शरीरातली सगळी विषं बाहेर" असं सांगताना दिसला. फिल्टरचं सामान पुरवणाऱ्यानेही दुजोरा दिला आणि पोटात घ्यायच्या कोळशाचा मोठा डबाच काकांच्या गळ्यात मारला. झालं. घरातल्या चौघांना सकाळी पेला सुरू झाला आणि ज्या ज्या घरी काका फिल्टर बसवायला जात, तिथेही प्रेमाने एकेक पुडी जाऊ लागली. त्या पुडीचे ते पैसेही घेत नसत. वाईट हेतूने त्यांनी कधी कुणाला काही दिलं नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्यात हेतूचा काही उपयोग झाला नाही.

त्या दिवशी मुलाला छापखान्याची सुट्टी होती. तो डोळे चोळत आला, पेला तोंडाला लावला, दोन घोटांत संपवला आणि काळे दात दाखवून हसला. काकू आल्या. हल्ली त्यांना सारखी थंडी वाजायची. उन्हाच्या वेळी घरात बसूनही खांद्यावर शाल असायची, जिना चढताना दम लागायचा आणि कोठा तर असा बांधला गेला होता की विचारू नका. "अहो, मला हे सोसत नाहीये," असं त्यांनी एकदा सांगून पाहिलं होतं. तेव्हा काका म्हणाले होते, "विष बाहेर पडताना असंच होतं. जुना गाळ आहे, वेळ घेणारच." काकूंनी नाक दाबून पेला रिकामा केला.

शेवटी सूनबाई आली. न्हाणीघरातून नुकतीच बाहेर पडलेली, तोंड पुसत. लग्न होऊन वर्ष व्हायचं होतं. शिवणकामात हुशार, हसायला मोकळी, पण त्या काळ्या पेल्यासमोर आली की तिचं हसू आखडायचं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मी हे दुपारी घेतलं तर चालेल का? जेवणाच्या जरा आधी?"

"का बरं?"

"सकाळी सकाळी मळमळतं थोडं."

"दुपारी मी घरी नसतो," काका डोळे मिचकावत म्हणाले. "म्हणजे पेला कुणाच्या पोटात जाणार? मोरीच्या. आमच्या मोरीला काही विषबाधा झालेली नाही."

मुलगा हसला, काकूही हसल्या. सूनबाईने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्याने नजर चुकवली आणि म्हणाला, "पी गं, कोळसाच तर आहे." मग तीही हसली आणि सासऱ्यांच्या देखत शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. काकांना आपल्या विनोदाचं मोठं कौतुक वाटलं. पुढे हाच विनोद त्यांच्या घशात अडकून बसणार होता.

आता या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. मुलाचं लग्न ठरवताना काकांनी एक चांगलं स्थळ मोडलं होतं. मुलगी शिकलेली, माणसं सरळ, सगळं पसंत. फक्त मुलीच्या आईने खरेपणाने सांगितलं, की हिला थायरॉईडची गोळी रोज घ्यावी लागते. काका चहाचा कप तसाच ठेवून उठले. "रोजची गोळी म्हणजे रोजचं दुखणं. गळकी टाकी कुणी मुद्दाम विकत घेतं का?" असं ते घरी येऊन म्हणाले. काकू तेव्हा शेजारीच धान्य निवडत बसल्या होत्या. पुढे ही सून आली, तेव्हा काका चार लोकांत सांगत फिरले, "पाणी तपासून घेतो तशी सून तपासून घेतली. एक गोळी लागत नाही पोरीला." हे ते सुनेच्या समोर म्हणत, तिला बरं वाटावं म्हणून.

पेले विसळायला टाकून काका हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून निघाले. पहिलं काम दातांच्या दवाखान्यात होतं. तिथे पेशंटांच्या बाकासमोर माशांची काचेची मोठी पेटी होती आणि तिचा फिल्टरही काकाच बघत. पेटीतल्या माशांच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके आले होते. दवाखान्यात बसणाऱ्या मुलीने औषधाची बाटली दाखवली.

"काका, रोज मोजून थेंब टाकते मी, तरी गुण नाही. दोन मासे गेले."

काकांनी फिल्टरचं झाकण उघडलं, आत बोटं घातली आणि कोळशाची जाळीदार पिशवी बाहेर काढून तिच्या नाकासमोर धरली. "गुण कसा येणार? तू औषध माशांना देतेस आणि पितो हा. याला काय कळतं, घाण कुठली आणि औषध कुठलं? जे समोर येईल ते गिळतो. औषध चालू असेपर्यंत कोळसा काढून ठेवायचा. पक्कं लक्षात ठेव, नाहीतर सगळे मरतील."

"बिचारे," मुलगी म्हणाली. "मला वाटत होतं, औषधच खोटं आहे."

"औषध खरं आहे. वाटेत चोर बसलाय," काका म्हणाले, आणि निथळणारी पिशवी बादलीत टाकून, हात पुसून, दुसऱ्या कामाला गेले.

दुपारी ते जेवायला घरी आले तेव्हा सूनबाई शेगडीपाशी उभी होती. उकळत्या पाण्याचं पातेलं फडक्याने धरून ती उतरवत होती. काका हात धुता धुता तिला म्हणाले, "आज माशांचा डॉक्टर झालो होतो."  तिने मान विचित्र वळवली, भिंतीकडे रोखून पाहिलं आणि तोंडातून कधी न ऐकलेला आवाज काढला. पातेलं कलंडलं. सगळं पाणी तिच्या उजव्या हातावर सांडलं आणि ती त्याच ओल्या वाफाळत्या फरशीवर आडवी झाली. अंग ताठ झालं, मग हातपाय झटके देऊ लागले.

काकू दाराशी किंचाळल्या. काका क्षणभर जागच्या जागी खिळले. त्यांच्या डोक्यात एकच शब्द आला, विष. हिने काहीतरी खाल्लं. आणि विषावरचा उतारा तर घरात डबाभर होता. त्यांनी पेल्यात पूड ओतली, पाणी घातलं, ढवळलंसुद्धा नाही. ते खाली बसले, सुनेची हनुवटी धरली आणि पेला तिच्या आवळलेल्या दातांना लावला.

मुलाने धावत येऊन तो पेला हाताच्या एका फटक्यात उडवला. काच भिंतीवर फुटली.

"बाबा, तोंडात काही घालू नका. बाजूला व्हा." त्याने बायकोला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा सदरा घातला, फुटलेली काच पायाने दूर सारली. "आई, तिचे हातपाय दाबू नकोस. थांबेल आता. थांबतं."

"तुला काय माहीत थांबतं?" काका म्हणाले.

मुलाने मान वर केली नाही. "फिट आहे, बाबा. तिला लहानपणापासून येते. लग्नाआधी तिने मला सगळं सांगितलं होतं. गोळ्या चालू आहेत, कित्येक वर्षांत एकदाही आली नव्हती. तुम्हाला सांगायचं धाडस आम्हाला झालं नाही."

भिंतीवरून काळं पाणी ओघळत खाली येत होतं आणि झटके हळूहळू थांबत होते.

इस्पितळात तिचा हात कोपरापर्यंत पट्ट्यांत गुंडाळला. कपाळाला टाके पडले. ती शुद्धीवर आली, पण जीभ चावलेली असल्यामुळे बोलताना अडखळत होती. डॉक्टरीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, कामापुरतं बोलणाऱ्या. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "गोळी चुकली का?"

"नाही," सूनबाई म्हणाली. "रोज सकाळी घेते, एकदाही चुकली नाही."

"रक्त तपासू, कळेल."

तोवर सूनबाईचे आईवडील येऊन पोहोचले. व्याही पिठाच्या गिरणीतून तसेच आलेले, भुवयांवर पीठ. ते काकांसमोर हात जोडून उभे राहिले आणि काही बोलायच्या आत काकूंनीच तोंड सोडलं.

"फसवलंत तुम्ही आम्हाला. आमच्या भोळेपणाचा फायदा घेतलात. आता हिला बरं वाटलं की इथूनच घरी न्या. आमच्या दारात नको."

"चुकलंच आमचं," व्याही म्हणाले. "पण सांगितलं असतं तर तुम्ही चहाला तरी थांबला असता का?"

काकूंचा चेहरा एकदम पांढरा पडला. त्या खांद्यावरची शाल आवळून भिंतीकडे तोंड करून बसल्या.  काकांना आतून राग येत होता आणि तो राग सोयीचा होता. लोक काय म्हणतील, आपण चार लोकांत काय काय बोललो होतो, तेच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

दिवस कलायला लागला तेव्हा डॉक्टरीणबाई रक्ताचा अहवाल घेऊन आल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. "रक्तात औषध जवळजवळ नाहीच. याचा अर्थ गोळ्या घेतल्या जात नव्हत्या. खोटं बोलून नुकसान तुझंच आहे, मुली."

"मी घेते हो," सूनबाई उठून बसायला लागली. "पावडरच्या रिकाम्या डबीत ठेवते. रोज सकाळी न्हाणीघरात नळाच्या पाण्याबरोबर घेते. ह्यांना विचारा."

मुलगा गोंधळून म्हणाला, "डबी रिकामी होते, ते मी बघतो. घेताना काही बघत नाही."

तिच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. "अगं, एवढी एक गोष्ट करायची होती तुला. एवढीसुद्धा जमली नाही?"

ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. नवरा, बाप, आई, डॉक्टर. कुणाचाच विश्वास नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "मग औषधच खोटं असेल."

हे शब्द काकांनी सकाळी ऐकले होते. दातांच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीपुढे. आणि त्यांनी दिलेलं उत्तरही त्यांना अक्षरशः आठवलं. औषध खरं आहे, वाटेत चोर बसलाय. ही पोरगी न्हाणीघरात गोळी गिळून बाहेर यायची आणि दारात सासरा काळा पेला घेऊन उभा. तिने दुपारची वेळ मागितली होती. कारण सांगता येत नव्हतं म्हणून मळमळीचं निमित्त केलं होतं. काका उठून बाहेरच्या लांबलचक बोळात गेले.

आणि इथे त्यांच्या हातून जे झालं ते कुणाला कळलंही नसतं. ते बोळातल्या बाकावर बसून राहिले. काही बोलायची गरज नाही, असं त्यांना वाटलं. माहेरच्यांनी फसवलं हे तर खरंच आहे. गोळ्यांत हयगय केली असं डॉक्टरच म्हणतात. मुलगी माहेरी जाईल, मुलाचं पुढे बघता येईल आणि कोळशाचं नाव कुणी काढणार नाही, कारण कोळशाला औषध कुणी समजतच नाही. बोळाच्या टोकाला थंड पाण्याचं यंत्र होतं. त्याला फिल्टर त्यांनीच बसवलेला होता. एक म्हातारा तिथे पाणी पिऊन, यंत्राच्या अंगावर हात फिरवून, "छान गोड पाणी आहे," असं शेजारच्याला सांगत होता. काकांना ते ऐकवेना. माशांना वाचवायला मी कोळसा हाताने उपसून काढला, आणि घरातली लेक तडफडत असताना तिच्या दातांना तोच लावला, असं त्यांच्या मनात आलं आणि ते गेलेच नाही.

ते आत आले तेव्हा डॉक्टरीणबाई गोळ्यांचा डोस वाढवून लिहीत होत्या.

"थांबा," काका म्हणाले. "पोरगी खरं बोलते. औषध तिच्या अंगाला लागू मी दिलं नाही."

सगळ्यांनी वळून पाहिलं. काकांनी सगळं सांगितलं. पूड, पेले, रोजची हाक, दुपारची वेळ आणि आपला विनोद. सांगताना त्यांनी सुनेकडे पाहिलं नाही, आपल्याच नखांतल्या काळ्या रेघांकडे पाहत बोलले.

डॉक्टरीणबाईंनी पेन बंद केलं. "कुणी आधी का नाही बोललं? मी डोस वाढवत होते. कोळसा बंद झाला असता आणि हा डोस तिला जास्त झाला असता."

"आम्हाला कोळसा औषध वाटलाच नाही," काका म्हणाले.

"तुमचा दोष एवढाच, की तुम्हाला तो निरुपद्रवी वाटला. हा कोळसा आम्हीही वापरतो. कुणाच्या पोटात विष गेलं आणि वेळेत आणलं, तर माणूस तपासून, समोर उभं राहून देतो. रोजच्या साफसफाईला नाही. ती करायला यकृत आहे, मूत्रपिंडं आहेत, ती बिनबोभाट करतात. हा पोटात गेला की जे भेटेल ते धरून ठेवतो, गोळीसुद्धा."

"दोन-तीन तासांचं अंतर ठेवलं असतं तर?" मुलाने विचारलं.

"काही औषधांना तेवढं पुरतं. हिचं औषध आतड्यात पुन्हा पुन्हा उतरतं, ते हा मागूनही ओढून घेतो. म्हणून ज्याला रोजची कुठलीही गोळी आहे, मग ती फिटची असो, हृदयाची, थायरॉईडची, मूल नको म्हणून घेतलेली, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय याला हात लावायचा नाही. कोठा बांधला जातो तो वेगळाच, कधी आतडंच अडतं." मग त्या काकांकडे वळल्या. "आणि शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात तुम्ही ते ओतत होतात, असं मुलगा म्हणाला. तो पेला फुटला हे तुमचं नशीब. फुप्फुसात गेलं असतं तर मी आज इथे उभी राहून बोलत नसते."

कोपऱ्यात बसलेल्या काकू हे सगळं खाली मान घालून ऐकत होत्या. त्यांनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली.

डॉक्टरीणबाई गेल्यावर काका पलंगाजवळ आले. त्यांना मोकळं वाटू लागलं होतं. गुन्हा कबूल केला, आता गाडं रुळावर येईल, असं वाटून ते व्याह्यांना म्हणाले, "हिचा काही दोष नाही. दोष माझा. कोळसा आजपासून बंद, आता हिला फिट यायचं कारण नाही. सून आमच्याच घरी येणार."

व्याह्यांनी डोळे पुसले. विहीणबाईंनी नमस्कार केला. फक्त सूनबाई हसली नाही.

"बाबा, एक विचारू?" ती म्हणाली. जीभ दुखत असल्यामुळे प्रत्येक शब्द सावकाश येत होता. "कोळसा नसता, गोळी नीट लागू पडली असती, आणि तरीही मला फिट आली असती, तर?"

 काकांकडे एक छानसं उत्तर तयार होतं. ते ओठांपर्यंत आलंही होतं. पण त्या पट्ट्यांत गुंडाळलेल्या हाताकडे बघून खोटं बोलायची त्यांना लाज वाटली.

"तर मी तुला परत पाठवलं असतं," ते म्हणाले.

"तेच मला माहीत होतं. म्हणून गोळी डबीत ठेवायची," ती म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

ती घरी आली. काकांनी काळ्या पुडीचा डबा कचऱ्यात रिकामा केला आणि चारही पेले, खरं तर उरलेले तीन, घासून चहाला लावले. पावडरची डबी त्यांनी सुनेकडून मागून घेतली, गोळ्या एका स्वच्छ काचेच्या बरणीत भरल्या आणि ती बरणी चहा-साखरेच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली. मग ते पिशवी उचलून निघाले. ज्या ज्या घरी पुडी दिली होती, त्या त्या घरी जाऊन दार वाजवलं. "घरात कुणाला रोजची गोळी आहे का? असेल तर ती पूड घेऊ नका. नसली तरी टाकूनच द्या," असं सांगत सुटले.

सगळीकडे तेच उत्तर. कर्ता पुरुष बैठकीतूनच म्हणायचा, "छे, आमच्याकडे सगळे ठणठणीत." बाया स्वयंपाकघराच्या दारातून मान हलवायच्या. एकही घर असं सापडलं नाही जिथे कुणी गोळी घेत होतं. काका हलक्या पावलांनी घरी परतले. चला, निदान बाहेर कुणाचं नुकसान झालं नाही, असं त्यांना वाटलं आणि त्या रात्री ते पुष्कळ दिवसांनी शांत झोपले.

सकाळी चहाची पूड काढायला त्यांनी हात वर केला, तर सुनेच्या बरणीशेजारी एक चपटी, वापरून वापरून कडा मऊ झालेली गोळ्यांची पट्टी ठेवलेली. कोनाड्यात कुणीतरी नुकतीच मांडलेली.

"हे कुणाचं?" त्यांनी विचारलं.

काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या. शाल होतीच. "माझं."

"कसलं?"

"थायरॉईडची गोळी आहे. मुलगा झाला तेव्हापासून घेते. धान्याच्या डब्यात तळाशी ठेवायची." त्या वळल्या नाहीत. "ते स्थळ तुम्ही मोडून आलात ना, त्या दिवशी मी जागा बदलली. आधी कपाटात असायची, तुम्ही कधी विचारलं नाहीत."

काका स्टुलावर बसले. थंडी, दम, बांधलेला कोठा, सगळं त्यांना एकदम समजलं. जुना गाळ आहे, वेळ घेणारच. हे त्यांनीच म्हटलं होतं.

"अगं, मग इस्पितळात सुनेला एवढं का बोललीस? तू तरी..."

"भीतीने बोलले," काकू म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फाटला. "तिचं उघडं पडलं, आता माझंही पडेल असं वाटलं. तिला बाहेर काढलं की मी वाचेन, असंसुद्धा वाटलं. माझ्या तोंडून ते गेलं, आता काय करू? रोज तिच्या हाताच्या पट्ट्या मीच बदलते. दर वेळी वाटतं, ती पाय लावून ढकलेल मला. ती 'आई, हळू' एवढंच म्हणते."

काकांनी ती पट्टी हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. इतकी वर्षं एका ताटापाशी बसून जेवलेली बाई आपल्या धान्याच्या डब्याला घाबरत होती, आणि आपण गावभर सांगत होतो, घरात एक गोळी लागत नाही. काल ज्या घरांनी "छे" म्हटलं होतं, ती सगळी घरं त्यांना आठवली. बैठकीतून बोलणारे ते पुरुष आणि दारातून माना हलवणाऱ्या त्या बाया. त्यांतल्या किती जणींच्या डब्यांच्या तळाशी गोळ्या असतील, कोण जाणे. आणि आपण त्या सगळ्यांना पुरुषांच्या देखत विचारून, समाधानाने झोपलो.

त्यांनी काकूंसाठी आपल्या हाताने पाणी भरलं, पट्टीतली गोळी काढून तळहातावर ठेवली आणि त्या घेईपर्यंत समोर उभे राहिले. "आज डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. तुझंही रक्त तपासू," ते म्हणाले. मग सुनेच्या खोलीच्या दाराशी जाऊन खाकरले.

"सूनबाई, मी परत त्या घरांना जाणार आहे. तुझं नाव घेतलं तर चालेल का? म्हणजे, तुला फिट येते असं सांगितलं तर?"

ती खिडकीशी बसून डाव्या हाताने सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करत होती. तिने सुई खाली ठेवली. "सांगा," ती म्हणाली. "पण कोळशामुळे आली असं सांगून माझी बाजू सावरू नका. मला फिट येते, एवढंच सांगा."

दवाखान्यातून काकूंना घरी सोडून फिल्टरकाका निघाले. पहिल्याच घरी तोच कर्ता पुरुष तसाच बैठकीत बसलेला होता. "काय काका, परत? काल सांगितलं ना, आमच्याकडे सगळे ठणठणीत."

"आमच्याकडे नाहीत," काका म्हणाले. आवाज आत स्वयंपाकघरापर्यंत जावा म्हणून ते मुद्दाम उंबऱ्यावरच उभे राहिले. "माझ्या सुनेला फिट येते. बायकोला थायरॉईड आहे. दोघी रोज गोळ्या घेतात आणि दोघींनी त्या माझ्यापासून लपवल्या, कारण मी तुमच्यासारखंच बोलत होतो. मी दिलेल्या पुडीने दोघींचं औषध वाया घालवलं. सून भाजली. मी गुन्हेगार आहे, म्हणून परत आलोय."

 आत भांड्यांचा आवाज बंद झाला. कुणीतरी शेगडी बारीक केली, आणि मग ओल्या हातांनी एक बाई दारात येऊन उभी राहिली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग काकांकडे.

"काका," ती म्हणाली, "हृदयाच्या गोळीलाही चालत नाही का ते?"